सासऱ्यांसाठी घरात बदल करतोय, मग प्रॉपर्टी टॅक्स किती वाढेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅलिफोर्नियात, सॅन होजेत दुमजली घर, २०१२ साली ७ लाख ८० हजार डॉलरला घेतलेलं, नवरा-बायको दोघांच्या नावावर. सासरे ७१ वर्षांचे, ग्रीन कार्डावर, त्याच घरात राहतात. वर्षापूर्वी पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, आता सगळा वावर व्हीलचेअरवर. खालच्या स्टडीत त्यांची खोली करायची आहे. जिन्याखालचं कपाट काढून शेजारचं ‘हाफ बाथ’ (फक्त कमोड आणि बेसिन) एवढं मोठं करायचं की खुर्चीसकट आंघोळीला जाता येईल. दाराशी रॅम्प घालायचा, आतली दारं रुंद करायची, आणि ‘कॉन्ट्रॅक्टर घरात आहेच तर’ किचनही मागच्या अंगणात ८० चौरस फूट वाढवून घ्यायचं. अंदाज ९२,००० डॉलरचा आला आहे. एका ओळखीच्यांनी सांगितलं, परमिट काढलंत की अख्खं घर आजच्या भावाने, म्हणजे २० लाखांनी, पुन्हा मोजतील. दुसऱ्यांनी सांगितलं, एडीए या दिव्यांगांसाठीच्या अमेरिकन कायद्याखाली सगळं माफ असतं. खरं कोणाचं?

कोणाचंच नाही. मी बरीच वर्षं कॅलिफोर्नियातल्या एका कौंटीच्या असेसर कार्यालयात, म्हणजे घरांचं करमूल्य ठरवणाऱ्या खात्यात, अप्रेझर (मूल्य काढणारा) होतो आणि आता टेबलाच्या या बाजूला बसून लोकांचे अर्ज तयार करून देतो. हे दोन्ही गैरसमज मी अक्षरशः शेकडो वेळा ऐकले आहेत.

पहिली भीती आधी काढून टाका. १९७८च्या प्रपोझिशन १३नंतर (प्रपोझिशन म्हणजे थेट मतदारांपुढे ठेवलेला कायद्याचा प्रस्ताव) इथे घराचं करमूल्य खरेदीच्या वर्षाला बांधलेलं असतं आणि ते वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढतं. तुमचं ७ लाख ८० हजाराचं घर आज बाजारात २० लाखांचं असेल, पण कराच्या कागदावर ते १० लाखांच्या आसपास आहे. हे बांधलेलं मूल्य दोनच गोष्टींनी सुटतं, एक मालकी बदलली तर आणि दुसरं म्हणजे नवीन बांधकाम झालं तर. नवीन बांधकाम झालं तरी फक्त त्या नव्या भागाचं मूल्य आजच्या भावाने काढून जुन्यात मिळवतात. बाकीच्या घराला हात लागत नाही. म्हणजे उद्या तुमच्या कामातून ६०,००० डॉलरचं मूल्य वाढलं असं असेसरने ठरवलं, तर १ टक्का मूळ कर आणि वर स्थानिक रोख्यांचे अधिभार धरून साधारण १.२ टक्क्याने वर्षाला ७२० डॉलर वाढतील. अंगावर काटा यावा असा हा आकडा नाही, पण घर विकेपर्यंत दरवर्षी येणारा आहे.

आता एडीए. तो १९९०चा संघीय कायदा दुकानं, कार्यालयं, सार्वजनिक जागा यांच्यासाठी आहे. तुमच्या खासगी घराशी आणि त्याच्या मालमत्ता कराशी त्याचा संबंध नाही. तुमच्या उपयोगाचा कायदा राज्याचा आहे. जून १९९०मध्ये मतदारांनी प्रपोझिशन ११० मंजूर केलं आणि त्यातून महसूल व करआकारणी संहितेत कलम ७४.३ आलं. त्याचं सार एवढंच आहे की घरात कायम राहणाऱ्या, गंभीर आणि कायमचं अपंगत्व असलेल्या व्यक्तीला ते घर वापरता यावं म्हणून केलेला बदल ‘नवीन बांधकाम’ धरायचा नाही. जे नवीन बांधकामच नाही, त्याचं मूल्य वाढवून लावता येत नाही.

यात ‘त्या कारणासाठी जेवढं, तेवढंच’ ही खरी मेख आहे. इथेच नव्वद टक्के अर्ज रखडतात आणि तुमचाही इथेच रखडेल, कारण तुमच्या ९२,०००मध्ये सासऱ्यांचं काम आणि तुमच्या हौसेचं काम एकाच कागदावर आहे. किचनची वाढ हे सरळसरळ नवीन बांधकाम आहे, त्यावर कर लागणार आणि लागायला हवा. सासरे त्याच किचनमध्ये चहा घेतील हे कारण चालत नाही. मी टेबलाच्या त्या बाजूला असताना एकाने मागच्या डेकवरच्या बार्बेक्यूसाठी हेच कारण लिहून दिलं होतं.

त्यामुळे हातोडा पडायच्या आधी कॉन्ट्रॅक्टरकडून अंदाजपत्रक फोडून घ्या. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून मला दिसतं ते असं: रॅम्प आणि पोर्च ११,०००, दारं ६,०००, बाथरूम ४३,०००, किचन ३२,०००. किचन पूर्णपणे वेगळं करा. वेगळा करार, जमलं तर वेगळं परमिट, वेगळं बिल. एकत्र बिल आलं तर अप्रेझरपुढे एकच आकडा येतो. तो आकडा कसा वाटायचा हे मग तो त्याच्या अंदाजाने ठरवतो, आणि तो अंदाज तुमच्या बाजूने झुकेल असं समजू नका. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. स्वतंत्र काम सुरू केल्यावर पहिल्याच वर्षी एका कुटुंबाचं एकत्र बिल मी तसंच पुढे पाठवलं, वाटलं समजावून सांगू. समजावण्यात सात महिने गेले आणि निम्मंच मान्य झालं.

किचन बाजूला काढलं तरी बाथरूमच्या ४३,०००च्या आतही रेघ मारावी लागते. दिव्यांग व्यक्ती नसलेल्या आसपासच्या तशाच घरांत जे सर्रास असतं, ते या सवलतीत येत नाही. उंबरठा नसलेला, खुर्ची सरळ आत जाईल असा शॉवर, त्यासाठी खाली घेतलेली जमीन आणि बदललेला उतार, पकडायच्या दांड्या आणि त्यांच्यासाठी भिंतीत घातलेलं लाकूड, खाली गुडघे जातील असं बेसिन, उंच कमोड, सरकतं दार हे सगळं आत. दोन बेसिनांचा संगमरवरी कट्टा, तापणारी फरशी, आरशामागचे दिवे बाहेर. कॉन्ट्रॅक्टर कुरकुर करेल, पण बिलात ‘बाथरूम नूतनीकरण, ४३,०००’ या एका ओळीऐवजी आठ-दहा ओळी लिहायला लावा. त्यातही शब्द बघा. ‘मॉडर्नायझेशन’ हा शब्द बिलात नको. घराचा भाग जवळजवळ नव्यासारखा करणारं नूतनीकरण म्हणजे नवीन बांधकाम, असं कायद्याच्या व्याख्येतच आहे, आणि अप्रेझरची नजर नेमकी त्या शब्दावर अडकते.

तुमच्या नकाशातली एक गोष्ट मला आवडली, ती म्हणजे बाथरूम जिन्याखालच्या कपाटात वाढतंय, घराच्या भिंतीबाहेर जात नाहीये. तसंच ठेवा. गॅरेजमध्ये किंवा अंगणात नवी खोली काढली की चौरस फूट वाढतात आणि मग प्रत्येक फुटाची गरज सिद्ध करत बसावं लागतं. कुणाला नवी खोली काढण्यावाचून गत्यंतर नसेल तर नकाशा घेऊन आधी असेसरच्या कार्यालयात जा आणि कितपत मान्य होईल ते लेखी विचारून घ्या. काम झाल्यावर विचारण्यात काही अर्थ नसतो.

आता डॉक्टरांचं पत्र. माझ्या मते सगळ्या अर्जाचा प्राण यात आहे, आणि लोक सगळ्यात कमी लक्ष यालाच देतात. कायद्याला परवानाधारक डॉक्टरांच्या सहीने दोन गोष्टी हव्या असतात. व्यक्तीला गंभीर आणि कायमचं अपंगत्व आहे, ही एक. त्या अपंगत्वामुळे घरात नेमक्या कोणत्या सोयी लागतात, ही दुसरी. पहिली सगळे आणतात, दुसरी कुणीच आणत नाही. ‘रुग्णाला पक्षाघात झाला असून तो व्हीलचेअर वापरतो’ या ओळीवर अर्ज परत येतो. पत्रात असं हवं: उजवा हात आणि पाय निकामी असल्याने रुग्णाला उंबरठा किंवा टबची कड ओलांडता येत नाही; खुर्चीसकट आत जाता येईल असा शॉवर आवश्यक; खुर्ची वळवायला ६० इंच व्यासाची मोकळी जागा आवश्यक; बाहेर पडायला पायऱ्यांऐवजी उतार आवश्यक. डॉक्टरांना हे आपणहून सुचत नाही, त्यांचा तो दोषही नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी येऊन मापं घेऊन गेले असतील तर त्यांचा अहवाल डॉक्टरांपुढे ठेवा आणि त्याच शब्दांत पत्र मागा. मग डॉक्टरांचं पत्र, तुमचं निवेदन आणि कॉन्ट्रॅक्टरचं बिल या तिन्हींत एकेका वस्तूला एकच नाव असू द्या. पत्रात ‘रोल-इन शॉवर’ आणि बिलात ‘कस्टम वेट रूम’ असेल तर ती एकच वस्तू आहे हे अप्रेझरला कसं कळणार?

‘कायमचं’ या शब्दाबद्दल एक सूचना. पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत डॉक्टर हा शब्द लिहायला कचरतात, कारण सुधारणा होत असते, आणि ते बरोबरच आहे. तुमच्याकडे वर्ष उलटलं आहे, त्यामुळे आता ताजं पत्र घ्या. हॉस्पिटलमधून घरी सोडताना दिलेला जुना कागद जोडू नका. त्यात ‘प्रकृतीत सुधारणा होत आहे’ असं असतं आणि तेच वाक्य तुमच्याविरुद्ध जातं. पुण्याच्या डॉक्टरांची फाइल असेल तर ती घरीच राहू द्या, पत्र इथे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचंच घ्या.

अर्जाचा फॉर्म बीओई-६३. तुमच्या कौंटीच्या असेसरकडे तो मिळेल. घर तुमच्या दोघांच्या नावावर आहे आणि सासरे मालक नाहीत, याने बिघडत नाही. अट राहण्याची आहे, मालकीची नाही. मात्र अर्ज करायचा तो दिव्यांग व्यक्तीने, तिच्या जोडीदाराने किंवा कायदेशीर पालकाने. तेव्हा सही सासऱ्यांची डाव्या हाताने घ्या, नाहीतर सासूबाईंची. घराची मालकीण म्हणून तुम्ही सही ठोकून दिलीत तर फॉर्म फिरून परत येण्याची शक्यता आहे.

‘कायम रहिवासी’ हे शब्द वाचून आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे लगेच ग्रीन कार्ड येतं. कायद्यातले शब्द ‘त्या घरात कायम राहणारा’ अशा अर्थाचे आहेत, ते घराबद्दल बोलतात. तुमच्याकडे दोन्ही अर्थाने ठीक आहे. पण सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर येणाऱ्या आईवडिलांसाठी केलेलं काम या कलमात बसवणं अवघड आहे, कारण मुळात ते त्या घरात कायमचे राहत नाहीत.

अजून एक अट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. ७४.३ हे मालक स्वतः राहत असलेल्या घरासाठी आहे, म्हणजे होमओनर्स एक्झेम्प्शनला पात्र असलेल्या. तुमचं करबिल काढा आणि त्यात करमूल्यातून ७,००० डॉलरची ही वजावट दिसते का बघा. वर्षाला जेमतेम ७०-८० डॉलर वाचतात म्हणून घर घेताना आलेला तो फॉर्म खूपजण कधी भरतच नाहीत. नसेल तर आधी तो भरून टाका. सासरे तुमच्याच मालकीच्या पण तुम्ही भाड्याने दिलेल्या दुसऱ्या घरात राहत असते, तर मामला कलम ७४.६मध्ये गेला असता. ते १९९४च्या प्रपोझिशन १७७मधून आलं. तिथे काम संपण्याआधी किंवा संपल्यापासून ३० दिवसांत असेसरला कळवावं लागतं आणि सहा महिन्यांत कागद द्यावे लागतात. तुमच्या ७४.३च्या अर्जालाही मी हीच शिस्त लावतो, काम संपायच्या आतच फॉर्म कार्यालयात पोचलेला असतो.

रॅम्प आणि दारांबद्दल खरं सांगायचं तर करापेक्षा मापांची काळजी जास्त करा. अप्रेझर म्हणून मी रॅम्पचं मूल्य जवळपास शून्यच धरत आलो. पुढचा खरेदीदार तो पहिल्या महिन्यात काढून टाकतो. तरी अर्जात लिहा, फुकट आहे. पण पोर्च १४ इंच उंच असेल तर १ला १२ या उताराने रॅम्प १४ फूट लांब लागतो, शिवाय वर खुर्ची उभी करायला सपाट जागा. हे माप एडीएचं आहे, घराला बंधनकारक नाही. पण ७१ वर्षांच्या माणसाला सासूबाई ढकलणार असतील तर यापेक्षा उभा उतार करू नका.

दारांचं म्हणाल तर गेल्या वर्षी एका घरी गेलो तेव्हा बाथरूमच्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून दोन फुटांवर रंग उडून लाकूड दिसत होतं. टेप लावली. दार २८ इंची, पण उघडल्यावर पानाची जाडी वजा जाऊन मोकळी जागा २६ इंच. खुर्ची साडेपंचवीस. रोज सकाळी त्या काकांची बोटं त्या चौकटीला घासत होती आणि मुलगा ६,००० डॉलरची चौकट बदलायची की नाही यावर चार महिने विचार करत होता. दार पूर्ण बाजूला नेणारी ऑफसेट बिजागरी बसवून दीड-दोन इंच मिळतात, थोडक्या पैशात, परमिटशिवाय. तुमच्याही सगळ्या दारांना चौकट बदलायची गरज आहे का, आधी टेप लावून बघा. मोकळी जागा ३२ इंच मिळाली की पुष्कळ झालं.

परमिट चुकवायचा विचार मनात आला असेल तर सोडा. शहराचं बांधकाम खातं परमिटची प्रत असेसरकडे पाठवतं हे खरं, म्हणून काहीजण परमिटशिवाय काम करतात. मग घर विकताना ते उघडं पडतं, आणि सवलत ज्यावर मागायची तो कागदच तुमच्याकडे नसतो.

केंद्राच्या आयकरात याच कागदांचा दुसरा उपयोग आहे. सासऱ्यांचा निम्म्याहून अधिक खर्च तुम्ही उचलत असाल, तर त्यांच्या वैद्यकीय गरजेसाठी घरात केलेला बदल तुमच्या वैद्यकीय खर्चात धरता येतो. मात्र तिथला हिशेब वेगळा आहे. झालेल्या खर्चातून घराची वाढलेली किंमत वजा करायची आणि उरलेलं धरायचं. रॅम्प, रुंद दारं, दांड्या यांनी किंमत वाढत नाही असं आयआरएस, म्हणजे संघीय कर खातं, सर्वसाधारणपणे मानतं, त्यामुळे तो सगळा खर्च धरता येतो. घरात लिफ्ट बसवली तर किंमत वाढते असं धरलं जातं. वर अट अशी की एकूण वैद्यकीय खर्च समायोजित उत्पन्नाच्या ७.५ टक्क्यांच्या वर जेवढा, तेवढाच उपयोगी. दोघांचं उत्पन्न २ लाख ४० हजार असेल तर पहिले १८,००० डॉलर पाण्यात. म्हणून काम दोन वर्षांत विभागू नका, एकाच कॅलेंडर वर्षात पैसे द्या, आणि थेरपी-औषधांची बिलंही त्याच वर्षात धरा. तुमचा सीपीए (हिशेबनीस) खर्च मोजण्याऐवजी स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट ठरलेली वजावट, घेत असेल तर यातलं काही लागू होत नाही, त्याला आधी विचारा.

प्रपोझिशन १९बद्दल तुम्ही विचारलं होतं. एप्रिल २०२१पासून गंभीर अपंगत्व असलेल्या मालकाला जुन्या घराचं करमूल्य घेऊन राज्यात कुठेही दुसऱ्या घरात जाता येतं, तीन वेळा, दोन घरांच्या विक्री-खरेदीत दोन वर्षांहून जास्त अंतर नसेल तर. एकमजली घर घ्यायचा विचार असलेल्यांना हा पर्याय दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडू शकतो. पण सासरे मालक नाहीत, त्यामुळे त्यांच्या अपंगत्वावर तुम्हाला तो घेता येणार नाही. तुमच्यापैकी कुणी पंचावन्न पार केलं की मात्र वयावर मिळेल. निव्वळ करासाठी आता त्यांचं नाव घरावर चढवू नका, त्यातून मालकी बदलाचे वेगळेच प्रश्न उभे राहतात.

काम संपल्यावर काही महिन्यांनी कौंटीकडून सप्लिमेंटल असेसमेंटचं, म्हणजे वाढलेल्या मूल्यावरच्या पूरक आकारणीचं, पाकीट येईल. किचनसाठी ते येणारच, त्यात नवल नाही. पण आतला आकडा तपासा: तिथे ३०-४० हजारांच्या आसपास मूल्य असेल तर फक्त किचन धरलं आहे, ९० हजार असेल तर तुमचा अर्ज कुणीतरी फाइलला लावलाच नाही. आधी फोन करा, चूक बहुतेक वेळा तिथेच सुटते. नाही सुटली तर अपीलासाठी सूचनेच्या तारखेपासून ६० दिवस असतात, आणि फोनवर ‘बघतो’ म्हटल्याने ते थांबत नाहीत. हे बिल सहसा बँकेच्या इम्पाउंड खात्यातून (कर्जाच्या हप्त्याबरोबर करासाठी पैसे जमा होतात त्यातून) भरलं जात नाही, थेट तुमच्याकडे येतं. गेल्या वर्षी एकांनी ते जाहिरात समजून रिसायकलिंगमध्ये टाकलं आणि दंडासकट भरलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांना, विशेषतः टपाल आणणाऱ्या मुलांना, आत्ताच सांगून ठेवा.